निष्ठेचे प्रतिज्ञापत्र

शिवसेना फुटल्यानंतर २०२२ च्या जुलैमध्ये उद्धव ठाकरे यांचा वाढदिवस आला, तेव्हा त्यांनी शिवसैनिकांना सांगितले की यंदा पुष्पगुच्छ नकोत, प्रतिज्ञापत्रे आणा. मग शाखाशाखांतून स्टँपपेपर आले, नोटरीचे शिक्के उमटले आणि गठ्ठे बांधून कागद निवडणूक आयोगाकडे दिल्लीला रवाना झाले. पलीकडून एकनाथ शिंदे यांच्या बाजूचेही गठ्ठे निघाले. ज्या पक्षात निष्ठा म्हणजे दसऱ्याला शिवाजी पार्कवर हजर असणे एवढाच पुरावा पुरत होता, तिथे ती नोटरीपुढे सही करून द्यायची वेळ आली. एक जुना शिवसैनिक तेव्हा मला म्हणाला होता, "लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर बायकोनं दाखला मागत बसावं, तसं झालंय हे." त्याने सही मात्र केली. कोणत्या बाजूच्या कागदावर, ते मी विचारले नाही. हल्ली असे प्रश्न जपून विचारावे लागतात.

महाराष्ट्रात नेत्यांवरच्या विश्वासाचा वाद सुरू झाला की बघता बघता तो निष्ठेचा वाद होतो. हे दोन शब्द आपण सरमिसळ करून वापरतो, पण त्यांच्या दिशा वेगळ्या आहेत. निष्ठा कार्यकर्त्याने नेत्यापाशी ठेवायची असते. विश्वास मतदाराने टाकायचा आणि नेत्याने तो सांभाळायचा. गेली साठ-सत्तर वर्षे आपण जी भांडणे मोठ्या तावातावाने लढलो, ती जवळजवळ सगळी पहिल्या प्रकारातली. कोणी कोणाला सोडले, कोणी कोणाला फसवले. मतदाराला कोणी फसवले, हा प्रश्न त्यात उपऱ्यासारखा दाराशी उभा असतो.

आपला शिव्यांचा साठाच पाहा. सूर्याजी पिसाळ, पाठीतला खंजीर, लखोबा लोखंडे, गद्दार, खोके. यातला एकही शब्द कारभाराबद्दलचा नाही. रस्ता केला नाही, धरण रखडवले, शाळा बंद पाडली म्हणून एखाद्या नेत्याला कायमचे चिकटलेले नाव मला तरी आठवत नाही. इतिहासाच्या पुस्तकातून किंवा नाटकातून उचललेला एखादा फितूर आपल्याला लागतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा शब्दसंग्रह चांगलाच तापला. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले आणि एका राजीनाम्याने ते घराघरांत पोहोचले. यशवंतराव चव्हाण मात्र नेहरूंच्या बाजूला राहिले. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांतून त्यांचा उद्धार होत राहिला आणि १९५७ ला कराडमध्ये ते कसेबसे निवडून आले. पुढे १ मे १९६० ला राज्य झाले, मुंबईसह झाले, आणि १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. ज्यांना लोकांनी सूर्याजी म्हटले, त्यांच्याच हाती लोकांनी राज्य दिले. पाच वर्षांत माणूस तोच होता, मतदारही बहुतेक तेच. मधल्या काळात हवे ते राज्य पदरात पडले होते, इतकेच.

खंजिराची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण ती चुकीच्या महिन्यापासून सांगायची आपल्याला सवय आहे. १८ जुलै १९७८ ला शरद पवार अडतिसाव्या वर्षी पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) मुख्यमंत्री झाले. वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळातून ते आमदार घेऊन बाहेर पडले आणि दादांचे सरकार कोसळले. तेव्हापासून आजतागायत पवारांवर टीका करायची म्हटली की खंजीर म्यानातून निघतोच. पवारांच्या बाजूचे लोक सांगतात, उपमुख्यमंत्री नाशिकराव तिरपुडे यशवंतरावांवर रोज तोफा डागत होते, ते सरकार चालणारच नव्हते. ही दोन्ही वाक्ये मी पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत इतक्यांदा ऐकली आहेत की कोण कधी काय बोलणार ते आधीच कळते.

पण त्या वर्षाचा फेब्रुवारी कोणी काढत नाही. निवडणुकीत सर्वांत जास्त, ९९ जागा जनता पक्षाला मिळाल्या होत्या. रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२. या दोन्ही काँग्रेसनी गावोगाव एकमेकींविरुद्ध मते मागितली होती. निकाल लागला आणि मार्चमध्ये दोघी एकत्र येऊन सत्तेत बसल्या. इंदिराबाईंच्या विरोधात म्हणून ज्याने रेड्डी काँग्रेसला मत दिले, त्याचे मत इंदिराबाईंच्याच पक्षाबरोबर मंत्रालयात जाऊन बसले. त्याला कोणी खंजीर म्हटले नाही. खंजीर म्हणायला आधी कोणा मोठ्या माणसाची पाठ लागते, आणि मतदाराला बहुधा पाठच नसावी. माझ्या मते त्या वर्षीचा पहिला वार मार्चमध्ये झाला आणि जुलैचा वार हा दुसरा होता. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींनी पुलोद सरकार बरखास्त केले. १९८६ मध्ये पवार काँग्रेसमध्ये परतले. १९९९ मध्ये सोनिया गांधींच्या विदेशी जन्माच्या मुद्द्यावर राष्ट्रवादी हा वेगळा पक्ष काढला आणि त्याच वर्षी निवडणुकीनंतर काँग्रेसबरोबरच राज्यात सरकार केले. म्हणजे मार्च १९७८ पुन्हा एकदा.

मध्यंतरी कायदा आला. १९८५ चे दहावे परिशिष्ट सांगत होते, एकट्याने पक्ष सोडलात तर आमदारकी जाईल, एक तृतीयांश जमवलेत तर ती फूट. १९९० मध्ये शिवसेनेचे ५२ आमदार निवडून आले होते. १९९१ च्या डिसेंबरात छगन भुजबळ बाहेर पडले ते अठरांचा आकडा घेऊन. एक तृतीयांशाला लागतात नेमके तेवढे. बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांना लखोबा केले. १९९५ ला माझगावने भुजबळांना पाडले, आणि २००४ पासून येवला त्यांना दर वेळी निवडून देत आला. माझगावातला गद्दार येवल्यात कामाचा माणूस ठरतो. २००३ मध्ये घटनादुरुस्तीने फुटीची ती सवलत काढली आणि विलीनीकरणासाठी दोन तृतीयांशांची अट ठेवली. फुटणारे कमी झाले नाहीत, जमाव मोठा करावा लागू लागला.

नेत्यांनीही विश्वासाची कसोटी घेतलेली आहे, पण कोणाच्या विश्वासाची, ते पाहण्यासारखे आहे. १९९२ मध्ये माधव देशपांडे या जुन्या शिवसैनिकाने घराणेशाहीचे आरोप केले, तेव्हा बाळासाहेबांनी 'सामना'तून शिवसेनेला अखेरचा जय महाराष्ट्र केला. मातोश्रीबाहेर माणसे लोटली, रडारड झाली, राजीनामा मागे घेतला गेला. २ मे २०२३ ला मुंबईत यशवंतराव चव्हाण केंद्रात, 'लोक माझे सांगाती' या आत्मचरित्राच्या सुधारित आवृत्तीच्या प्रकाशनात, शरद पवारांनी पक्षाचे अध्यक्षपद सोडतो असे जाहीर केले. तिथेही व्यासपीठावर आणि खाली रडारड, पायऱ्यांवर ठिय्या, आणि ५ मे रोजी राजीनामा मागे. दोन्ही वेळी प्रश्न एकच होता: तुम्ही मला हवे म्हणता की नाही? आरोपाचे काय झाले, पक्षाचे पुढे काय, यावर त्या दिवसांत कोण बोलणार? आणि अश्रूंची वैधता किती? २ जुलै २०२३ ला अजित पवार उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घ्यायला राजभवनावर गेले. त्या पायऱ्या आणि हा राजभवनाचा दिवस यांत जेमतेम दोन महिने.

आता २०१९ पासूनची पाच वर्षे. त्या वर्षी विधानसभेला भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. भाजप-शिवसेना युतीला मत दिलेल्यांना युती मिळाली नाही. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीला मत दिलेल्यांना शिवसेनेचा मुख्यमंत्री मिळाला. त्याआधी २३ नोव्हेंबरच्या भल्या सकाळी भाजप आणि अजित पवार यांचा एक शपथविधी उरकला आणि ते सरकार चार दिवसही टिकले नाही. मातोश्रीवरच्या बंद खोलीत अमित शहांनी काय शब्द दिला होता, यावर महाराष्ट्र पाच वर्षे भांडला. शब्द दिला असेल किंवा नसेल, पण मतदाराला त्या खोलीत बोलावले नव्हते, आणि निवडणुकीच्या आधी कोणी बाहेर येऊन सांगितलेही नाही. २०२२ च्या जूनमध्ये शिंदे आमदारांसह सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. (सुरतेचे आणि मराठी माणसाच्या फुटीचे नाते जुने आहे. १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात जहाल-मवाळांच्या भांडणात जो जोडा भिरकावला गेला, तो मराठी वळणाचा होता असे तेव्हाच्या वृत्तांतात नोंदलेले आहे.) इकडचे म्हणाले गद्दारी, तिकडचे म्हणाले उठाव. विधानभवनाच्या पायऱ्यांवर पन्नास खोक्यांची घोषणा घुमली आणि लहान मुले ती गल्लीत क्रिकेट खेळताना देऊ लागली.

मग कायदेशीर भाग. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि दोन्ही बाजूंनी तो आपलाच विजय म्हणून साजरा केला. राज्यपालांचे चुकले, पण उद्धव यांनी बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत बसवता येत नाही, असे त्यात होते. ज्याला जे वाक्य हवे ते त्याने घेतले. विधानसभा अध्यक्षांनी २०२४ च्या जानेवारीत शिवसेनेच्या आणि फेब्रुवारीत राष्ट्रवादीच्या याचिका निकाली काढल्या आणि चारही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. सगळा महाराष्ट्र ज्यांना गद्दार आणि निष्ठावंत अशा दोन रांगांत उभे करत होता, ते सगळेच्या सगळे कायद्याने निर्दोष!

मला मात्र जास्त गंभीर वाटतो तो निवडणूक आयोगाचा १७ फेब्रुवारी २०२३ चा निर्णय. नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना देताना आयोगाने हिशेब मांडला: २०१९ ला जिंकलेल्यांपैकी ५५ आमदारांना मिळालेल्या मतांपैकी सुमारे ७६ टक्के मते शिंदे यांच्याबरोबरच्या ४० जणांची. मते आमदाराची, हे कधी ठरले? कोणी बाळासाहेबांच्या आठवणीला मत दिले, कोणी मोदींकडे पाहून, कोणी गावातल्या पाण्याच्या टाकीसाठी. आयोगाने ती सगळी मते आमदारांच्या खिशात घातली आणि खिसे मोजले. ते गठ्ठ्यांनी आलेले स्टँपपेपर निर्णायक ठरले नाहीत. त्याच निर्णयात आयोगाने शिवसेनेच्या २०१८ च्या पक्षघटनेवर, पदाधिकारी निवडण्याऐवजी नेमले जातात म्हणून, ताशेरे मारले. ते योग्यच होते. फक्त ते ताशेरे ऐकून बाकीचे पक्ष गालात हसत होते, याची मला गंमत वाटली. त्यांच्याकडे तरी कोण कोणाला निवडते?

यावर उतारा म्हणून दोन्ही बाजूंनी एकच शब्द वापरला: जनतेचे न्यायालय. त्या न्यायालयाने २०२४ मध्ये दोन निकाल दिले. लोकसभेला ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला. आघाडीवाले म्हणाले, गद्दारांना धडा मिळाला. सहा महिन्यांत विधानसभेला भाजप १३२, शिंदे ५७, अजित पवार ४१. समोर ठाकरे २०, काँग्रेस १६, शरद पवार १०. आता महायुतीवाले म्हणाले, खरी शिवसेना कोणती ते ठरले. गद्दारी मे महिन्यात पाप आणि नोव्हेंबरात पुण्य कशी झाली, हे कोणी सांगत नाही. मधल्या काळात 'लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार खात्यात पडू लागले होते. विरोधक त्याला लाच म्हणत होते आणि त्याच तोंडाने आपण तीन हजार देऊ असे सांगत होते. बायकांनी त्या तीन हजारांच्या वचनापेक्षा पदरात पडलेले दीड हजार धरून ठेवले असतील, तर त्यांना नावे ठेवायला मी तरी धजणार नाही. सत्तर वर्षे वचने ऐकल्यावर हे शहाणपण येतेच.

बारामतीकरांनी तर हा वाद दोन ओळींत मिटवला होता. लोकसभेला ताई, विधानसभेला दादा. मे महिन्याच्या मतदानात सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी जिंकल्या, अगदी बारामती विधानसभा क्षेत्रातही त्याच पुढे होत्या. नोव्हेंबरात त्याच बारामतीने अजित पवारांना लाखावर मताधिक्य दिले. टीव्हीवर बसलेल्यांना हे कोडे वाटले, कारण ते निष्ठा शोधत होते. बारामतीकर कामाची वाटणी करत होता: दिल्लीला बोलायला ही, मुंबईतून निधी आणायला तो. निष्ठेचे दोन तुकडे करता येत नाहीत, विश्वासाचे करता येतात.

बाकी घरोघरी काय चालले आहे, ते वाचकांना ठाऊक आहेच. आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप गटावर २०१९ पासून 'राजकारण नको' असा नियम आहे. तो मोडून तीन जण बाहेर पडले, त्यांचा वेगळा गट झाला, आणि मूळ गट कोणता यावरही थोडी चर्चा झाली.

या सगळ्यातून एक नवी गोष्ट उगवली आहे आणि ती मला खोक्यांपेक्षा काळजीची वाटते. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात मारकडवाडी नावाचे गाव आहे. विधानसभेचा निकाल लागल्यावर या गावाने ३ डिसेंबर २०२४ ला मतपत्रिकेवर स्वतःचे मतदान घ्यायचे ठरवले, कारण यंत्रातून आलेला आकडा त्यांना पटला नव्हता. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झाले नाही. गावकऱ्यांचा उमेदवार उत्तमराव जानकर त्या मतदारसंघात निवडूनही आला होता. जिंकलेल्या बाजूचे गावही मोजणीवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. नेत्यावरचा विश्वास उडाला तर दुसरा नेता निवडता येतो. मोजणीवरचाच उडाला तर काय करायचे, याचे उत्तर त्या दिवशी पोलिसांकडे नव्हते आणि गावाकडेही नव्हते.

खरी शिवसेना कोणाची, खरी राष्ट्रवादी कोणाची, यावर न्यायालयात, आयोगात, विधानभवनात आणि चौकात वाद चालू असताना, मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ लाच संपून गेलेली होती. पुढची २०२२, २०२३ आणि २०२४ ही तिन्ही वर्षे संपेपर्यंत त्या शहराच्या २२७ प्रभागांत एकही नगरसेवक नव्हता.