ऐन वेळी शर्यतीत उतरलेले दोघे

शनिवारची रात्र. कामावरून आलेला मुलगा जेवायला बसतो आणि दारात मित्र उभा राहतो. "उद्याच्या शर्यतीत माझं नाव आहे, पण पाय मुरगळलाय. नंबर फुकट जाईल. माझ्या जागी तू धाव ना!" मुलगा लगेच हो म्हणतो. आई विचारते, "अरे, सराव केलायस का?" तो हसून म्हणतो, "त्यात काय आई, पळायचंच तर आहे!"

हा प्रसंग आता कष्टकरी वस्त्यांना नवा राहिलेला नाही. पुण्यात १९८३ साली मॅरेथॉन सुरू झाली, मुंबईत २००४ साली. आता जिल्ह्याच्या गावीही शर्यती होतात. ऐन वेळी धावायला उतरणाऱ्यांची संख्याही कमी नाही. म्हणून दोन प्रश्न घरात बसून बोलावेत असे आहेत. सरावाशिवाय लांबची शर्यत धावता येते का? आणि धावताना आपण मागे पडलो, तर आपली कुवतच कमी असे समजायचे का?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सन १९०४ च्या एका शर्यतीत सापडतात.

जत्रेतले खेळ आणि शर्यत

१९०४ चे ऑलिम्पिक अमेरिकेतील सेंट लुईस शहरात भरले. त्याच वेळी तेथे एक प्रचंड जागतिक प्रदर्शन चालू होते. त्या प्रदर्शनात यंत्रे होती, वस्तू होत्या आणि माणसेही मांडून ठेवलेली होती! फिलिपाइन्स, जपानचे ऐनू, आफ्रिका, अमेरिकेतील मूळ रहिवासी अशा अनेक समाजांतील माणसांना तेथे आणून 'हे पाहा रानटी लोक' म्हणून दाखवले जात होते.

१२ आणि १३ ऑगस्टला या माणसांना मैदानावर उभे करून त्यांच्या शर्यती लावण्यात आल्या. ज्यांनी हे खेळ कधी पाहिले नव्हते, त्यांना सराव दिला नाही. नियमही नीट समजावले नाहीत. शेवटच्या दोरीला छाती लावायची हे माहीत नसल्याने कोणी दोरीपाशी थांबले, कोणी तिच्याखालून वाकून गेले. मग त्यांच्या वेळा वर्षानुवर्षे सराव केलेल्या गोऱ्या खेळाडूंच्या वेळांशी ताडून पाहिल्या आणि निष्कर्ष काढला की, हे लोक जन्मतःच कमी!

वाचकहो, शाळेचे दार बंद ठेवायचे आणि मग 'याला वाचता येत नाही' म्हणून हिणवायचे, हा न्याय आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

दोघे आफ्रिकी

त्याच प्रदर्शनात दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या लढायांचा खेळ करून दाखवला जाई. त्या खेळात काम करायला आलेल्यांमध्ये त्स्वाना समाजाचे दोन तरुण होते, लेन टाउन्याने आणि जान माशियानी. युद्धात निरोप घेऊन धावण्याचे काम त्यांनी केले होते, असे सांगतात. ते ऑलिम्पिकसाठी आलेच नव्हते. आले होते पोटासाठी, खेळ करून दाखवायला. पण ३० ऑगस्टच्या मॅरेथॉनमध्ये दोघांनी नाव घातले. ऑलिम्पिकमध्ये उतरलेले पहिले काळे आफ्रिकी ते हेच. दप्तरात त्यांची नावेसुद्धा धड लिहिली गेली नाहीत. एकाचे 'लेंटाव' झाले, दुसऱ्याचे 'यामासानी'.

शर्यत सुमारे ४० किलोमीटरची होती. सुरुवात भर दुपारी तीनच्या सुमारास, कडक उन्हात. रस्ता मातीचा आणि चढउतारांचा. पुढे मोटारी आणि घोडेस्वार चालल्याने धावणाऱ्यांच्या नाकातोंडात धूळ जात होती. पाण्याची खरी सोय म्हणजे जवळजवळ अर्ध्या वाटेवरची एक विहीर. धावताना पाणी पिणे वाईट, अशी त्या काळी समजूत होती.

३२ जण निघाले, पोहोचले फक्त १४. बोस्टनची नामांकित मॅरेथॉन जिंकलेले तीन धावपटू वाटेतच थांबले. एका अमेरिकन धावपटूच्या पोटात इतकी धूळ गेली की, रक्तस्राव होऊन तो रस्त्याच्या कडेला पडला. त्याला इस्पितळात न्यावे लागले. पहिला आलेल्या हिक्सला त्याच्या माणसांनी वाटेत पाणी न देता ब्रँडी आणि कुचल्याचे विष असलेले औषध पाजले. तो कसाबसा ३ तास २८ मिनिटे ५३ सेकंदांत पोहोचला. त्याच्याआधी लॉर्झ नावाचा एक जण मैदानात आला होता. त्याचा जयजयकारही झाला. मग कळले की, हे महाशय मधले बरेच अंतर मोटारीतून आले होते!

आणि आपले दोघे? टाउन्यानेच्या मागे वाटेत कुत्रा लागला. त्याला चुकवताना तो रस्ता सोडून सुमारे मैलभर भलतीकडे गेला. तरी परत फिरून तो नववा आला. माशियानी बारावा आला. ज्यांना 'रानटी' म्हणून दाखवले जाई त्या माणसांपैकी दोघांनी, अठरा जणांनी जी शर्यत अर्ध्यात सोडली, ती पुरी केली. पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या निष्कर्षाला याहून चांगले उत्तर कोणते?

क्यूबाचा पोस्टमन

याच शर्यतीत क्यूबा देशातील एक पोस्टमन होता, फेलिक्स कार्वाहाल. वाटेत जवळचे पैसे संपले, म्हणून मिळेल त्या मार्गाने तो सेंट लुईसला पोहोचला. अंगात सदरा, लांब विजार आणि रोजचे बूट. कोणीतरी त्याची विजार गुडघ्याजवळ कापून दिली आणि तसाच तो धावला. भुकेपोटी वाटेत फळे खाल्ली, पोटात कळ आली, थोडा आडवा झाला, अशी कथा सांगतात. तरी तो चौथा आला!

या तिघांना कोणी प्रशिक्षक नव्हता, हे खरे. पण ते बिनसरावाचे होते का? नाही. निरोप्या आणि पोस्टमन यांचे पाय रोजच्या कामाने तयार झालेले होते. कष्टाने मिळालेला दम हाही सरावच आहे, फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

आपल्याकडेही हेच दिसले. २०१३ साली बारामतीत साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या. पतीच्या तपासणीसाठी पैसे हवे होते. अंतर होते तीन किलोमीटर. त्या पहिल्या आल्या. शेतमजुरीत घासलेले ते पाय होते. पुढे त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले.

मात्र एक गोष्ट विसरू नये. जिद्दीने शर्यत पुरी करता येते, पण पुढे जाण्यासाठी संधी आणि सराव दोन्ही लागतात. इथिओपियाच्या मेंढपाळाचा मुलगा अबेबे बिकिला सैनिक झाला. त्याला चांगला प्रशिक्षक मिळाला, नेमाचा सराव मिळाला. १९६० साली रोममध्ये तो अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकला. ज्या इटलीने त्याच्या देशावर आक्रमण केले होते, तिच्याच राजधानीत! १९६४ साली टोकियोत तो पुन्हा जिंकला. टाउन्याने आणि बिकिला यांच्यामध्ये छप्पन्न वर्षे गेली. रक्त बदलले नव्हते, संधी बदलली होती.

घरातल्यांसाठी चार गोष्टी

आता त्या शनिवारच्या रात्रीकडे वळू. मुलगा किंवा मुलगी ऐन वेळी धावणार असेल तर काय करावे?

पहिली गोष्ट अंतराची. पाच-सहा किलोमीटरची धाव रोज चालणाऱ्या निरोगी माणसाला, दम लागला की चालत, पुरी करता येते. अर्धी किंवा पूर्ण मॅरेथॉन मात्र ऐन वेळी धावू नये. शरीरातला साखरेचा साठा साधारण तीस किलोमीटरच्या आसपास संपत येतो. सराव नसेल तर त्याच्या कितीतरी आधी पायांत गोळे येतात, गुडघे बोलू लागतात. ही तयारी महिन्यांची असते, एका रात्रीची नव्हे.

दुसरी गोष्ट नंबराची. बहुतेक शर्यतींत दुसऱ्याच्या नंबरावर धावायला मनाई असते आणि तिला कारण आहे. धावणारा कोसळला तर डॉक्टर त्या नंबरावरून नाव आणि घरचा फोन शोधतात. नंबर मित्राचा असेल तर निरोप भलत्याच घरी जाईल. मित्राच्या प्रेमापोटीसुद्धा हे करू नये. स्वतःच्या नावाने पुढची शर्यत धावावी.

तिसरी गोष्ट खाण्यापिण्याची आणि बुटांची. आदल्या रात्री नेहमीचेच जेवण, सकाळी हलके काही. तहान लागली की पाणी प्यावे. १९०४ ची समजूत चुकीची ठरली आहे. पण भीतीपोटी तांब्यावर तांब्या पिणेही घातक, कारण रक्तातले मीठ फार कमी होते. नवे कोरे बूट त्या दिवशी घालू नयेत, ते चावतात. वापरलेलेच घालावेत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. छातीत दुखले, चक्कर आली, उन्हात डोके भ्रमल्यासारखे झाले तर तेथेच थांबावे आणि मदत मागावी. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावूच नये. त्या दिवशी सेंट लुईसला तीन बोस्टनविजेते थांबले, त्यात त्यांची काही नाचक्की झाली नाही. थांबलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा धावू शकतो.

आणि पालकांनो, मुले मागे पडली तर त्यांना कमी लेखू नका. त्यांना सराव किती मिळाला, ते आधी विचारा. उद्यापासून पहाटे अर्धा तास त्यांना मोकळा द्या. मुलाला द्या, तसाच मुलीलाही द्या. जमल्यास तुम्हीही बरोबर चाला. पुढच्या शनिवारी दारात कोणी आले, तर आपले मूल ऐन वेळचे राहणार नाही, तयारीचे असेल.