मालगुजारी तलावांचें पाणी व शेतकऱ्याचें कर्तव्य

तलावाखालीं ज्याची धानाची बांधी आहे, असा शेतकरी आश्विन लागला कीं रोज एकदां तरी पाळीवर चढून पाणी पाहतो. धान निसवतांना एक पाणी मिळालें तर पीक पदरांत पडतें. न मिळालें तर लोंबींत दाणा भरत नाहीं. म्हणून पाणी किती आहे, हें आपण सर्वच पाहतों. पाणी कसें आहे, हें मात्र फार थोडे पाहतात. वस्तुतः ज्या कारणांनीं तलावाचें पाणी बिघडतें, त्यांतील पुष्कळशा कारणांनीं तें कमीहि होतें. याकरितां बांधीच्या मालकानें या विषयाकडे लक्ष देणें अवश्य आहे.

पूर्व विदर्भांतील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या अमलांत व त्यानंतर कोहळी लोकांनीं यांतील पुष्कळ तलाव बांधिले. नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय हें त्यांच्या कसबाचें प्रसिद्ध उदाहरण होय. उताराला आडवी मातीची पाळ, पाणी सोडण्यास तुडूम, आणि जास्तीचें पाणी वाहून जाण्यास सांडवा, अशी यांची साधी रचना असते. एका तलावाच्या सांडव्यावरून निघालेलें पाणी पुष्कळ ठिकाणीं खालच्या तलावांत शिरतें, व वाटेंतल्या बांध्यांचा निचराहि त्यासच मिळतो. म्हणजे एका गांवाचा निचरा तोच दुसऱ्या गांवाचा येवा. १९५१ सालीं मालगुजारी नष्ट होऊन तलाव सरकारजमा झाले, आणि गांवानें मिळून गाळ काढण्याची वहिवाट हळूहळू मागें पडली.

तलाव हेंहि एक शेतच आहे. त्यांत दोन प्रकारचीं पिकें येतात. एक, तळाच्या मातींत मुळें रोवून वाढणाऱ्या पाणवनस्पती; दुसरें, सुटें सुटें डोळ्यांस न दिसणारें सूक्ष्म शेवाळ, जें वाढलें म्हणजे सारें पाणी हिरवें होतें. दोहोंस ऊन व खत हींच लागत असल्यामुळें एकाची सरशी झाली कीं दुसरें मागें पडतें. पाणवनस्पती दाट असल्या म्हणजे लाटांचा जोर मोडतो, गाळ तळाशीं बसतो, पाण्यांतील खत शोषलें जातें, आणि शेवाळ खाणाऱ्या बारीक जीवांस व माशांच्या पिलांस आसरा मिळतो. उलट शेवाळ माजलें म्हणजे ऊन तळापर्यंत पोंचत नाहीं व पाणवनस्पती मरतात. एकदां असें झालें म्हणजे तलाव आपण होऊन पूर्वस्थितीस येणें कठीण असतें.

शेवाळ माजतें कशानें? कॅनडांतील आँटेरिओ प्रांतांत १९७३ सालीं एका सरोवराच्या मध्यावर पडदा लावून त्याचे दोन भाग करण्यांत आले. दोन्ही भागांत कर्ब व नत्र घातलें. एकांत मात्र स्फुरदहि घातलें. स्फुरद घातलेला भागच तेवढा हिरवागार झाला. कांहीं नीलहरित शेवाळांत नत्र हवेंतून घेण्याची शक्ति असते. स्फुरद तसें हवेंतून घेतां येत नाहीं. तें मुख्यतः मातीच्या कणांस चिकटून येतें. तेव्हां बांधीवरून वाहून गेलेली माती तलावांत गाळ तर भरतेच, शिवाय आपण पैसे मोजून आणलेलें डी. ए. पी. व सुपर फॉस्फेटहि त्यांत नेऊन टाकते. गुरांचें शेण व गांवचें सांडपाणी यांची त्यांत भर पडते.

या हिरव्या पाण्यापासून हानि दोन प्रकारची. शेवाळ दिवसा प्राणवायु सोडतें, परंतु रात्रीं तोच घेतें. मेलेलें शेवाळ कुजतांनाहि प्राणवायु खर्च होतो. म्हणून पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडूं लागतात, व कित्येकदां सूर्योदयापूर्वींच मरतात. दुसरी हानि गुरांची. कांहीं नीलहरित शेवाळें विषारी असतात. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील अलेक्झांड्रिना सरोवराचें असें पाणी पिऊन मेंढ्या व घोडे मेल्याची हकीकत जॉर्ज फ्रान्सिस यानें १८७८ सालींच प्रसिद्ध केली. पाण्यावर हिरव्या रंगाची साय दिसल्यास तेथें गुरांस पाणी पाजूं नये.

याशिवाय तलावास आणखी दोन शत्रु आहेत. बेशरम ही मूळची अमेरिकेंतील वनस्पती. गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत, आणि तिचा तुकडा पडेल तेथें ती रुजते. ती कांठ व्यापून गाळ अडविते व पाण्याची जागा खाते. दुसरा शत्रु म्हणजे अविचारानें सोडलेले परदेशी मासे. गवत्या मासा पाणवनस्पती खाऊन टाकतो, आणि सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो.

यावर उपाय आहे, हें गोंदिया जिल्ह्यांत दिसून आलें आहे. तेथें भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानें ढीवर बंधुभगिनींच्या साहाय्यानें कांहीं तलावांतील बेशरम काढविली, उन्हाळ्यांत तळ नांगरविला, आणि देशी पाणवनस्पती लावविल्या. त्या तलावांत देशी मासे पुन्हां दिसूं लागले. तलावांत मुद्दाम गवत लावणें प्रथमदर्शनीं विपरीत वाटेल. परंतु वर सांगितलेला क्रम ध्यानांत घेतला म्हणजे त्यांतील मर्म कळतें.

शेतकऱ्यानें करण्याजोग्या गोष्टी चार आहेत. (१) माती तपासूनच स्फुरद द्यावें, तें चिखलणीच्या वेळीं मातींत मिसळावें, आणि पुढें आठवडाभर बांधीचीं मुखें बंद ठेवावीं. मोठ्या पावसाचीं चिन्हें असतां खत देऊं नये. (२) येव्याच्या ओढ्यांचे कांठ नांगरूं नयेत. तेथें गवताचा पट्टा राहूं द्यावा. (३) गाळ अवश्य काढावा. २०१७ सालीं राज्य सरकारनें गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली ती याचसाठीं. परंतु एका सालीं अर्धाच तलाव घ्यावा, म्हणजे पाणवनस्पतींचे कंद व बीं उरतें. पाळीच्या पायथ्याशीं खणूं नये, व तळाचा चिकण थर फोडूं नये. (४) पांढरी थाळी दोरीस बांधून, वजन लावून, दर महिन्यास एकाच जागीं भर दुपारीं पाण्यांत सोडावी. ती दिसेनाशी होईल तेथें दोरीस खूण करून खोली वहींत टिपावी. खोली महिनोगणती कमी होत चालली, तर पाणी बिघडत आहे असें समजावें व येव्याकडे जाऊन कारण शोधावें.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उन्हाळी धानासाठीं तुडुमाचें शेवटचें तोंड उघडून तलाव पार कोरडा करण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्यानें एक पीक अधिक मिळेल. परंतु ढीवरांची वर्षाची कमाई जाते, व वैशाखांत गांवच्या गुरांस पाणी उरत नाहीं. किती पाणी राखावयाचें, हें शेतकरी व ढीवर यांनीं पीक लावण्यापूर्वीं एकत्र बसून ठरवावें, आणि ठरलेल्या उंचीची खूण तुडुमावर करावी. त्या खुणेखालचें पाणी कोणाहि एकाचें नव्हे, असें सर्वांनीं मानावें.