गाडी पुढनं हलकी लागते

सकाळी 8.15

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गल्लीतली शटरं नवाच्या पुढं उघडतात. मी आधी येतो. शेजारचा लेथ सुरू झाला की हँडलचा कोनसेट वाजतोय की शॉकअप, ते कानाला कळत नाही.

आज दारात हिमालयन 411 उभी. मालक अंगानं भरदार, हातात नव्या स्प्रिंगांचा खोका. "मिस्त्री, पुढचे शॉकअप बदला. गाडी पुढनं हलकी लागते, वळणावर बाहेर जाते. जूनमध्ये मिसेसला घेऊन मनाली-लेह करायचंय." खोक्यावरची किंमत बघून मी आधी चहा सांगितला.

"वजन किती तुमचं?"

"नव्वद."

काट्यावर उभं केलं, तर 94. हेल्मेट, बूट, जाकीट धरून 101. गाडीला तुमच्या बुटांचंही वजन लागतंच. वहिनींना फोन करून बोलावून घेतलं आणि मागच्या पेट्यांत सामान म्हणून पाण्याचे कॅन भरले.

9.00

मापं. चाक हवेत उचलून पुढचा चकचकीत पाइप किती उघडा राहतो ते बघायचं, मग माणसं बसवून पुन्हा तेच. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी किती बसली. एकदा मोजून भागत नाही. सीलाची घासण असते, म्हणून एकदा हँडल दाबून हळू सोडायचं, एकदा उचलून हळू सोडायचं, आणि दोन मापांची सरासरी धरायची.

या गाडीला पुढं 200 मिमी खेळ, मागं 180. सगळं वजन घेऊन साधारण तिसरा हिस्सा बसावा, हा माझा अंदाजाचा हिशेब. निघालं काय? पुढं 35, मागं 88. पुढचं तोंड वर, मागं फतकल मारून बसलेली. "रात्री समोरचे लोक लाइट मारतात का तुम्हाला?" मी विचारलं. वहिनी हसल्या. "रोज!"

पुढचं हलकं लागणारच. मागं बसलेला माणूस आणि पेट्या यांचा जवळजवळ सगळा भार मागच्या चाकावर पडतो. मागं खाली गेलं की पुढच्या फोर्कचा तिरपेपणा वाढतो, पुढच्या टायरवरचं वजन कमी होतं, हँडल सुस्त होतं आणि गाडी वळणाबाहेर पळते. दुखणं मागं, तक्रार पुढं. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या गाड्या अशाच.

9.45

पुढच्या फोर्कचं टोपण उघडलं, तर स्प्रिंगच्या डोक्यावर पाण्याच्या लायनीच्या पाइपाचा 25 मिमीचा तुकडा, करवतीनं वाकडा कापलेला. आधी कुणीतरी "कडक करून" दिलं होतं. अशा तुकड्यानं स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उंच होते. मिलिमीटरभर दाबायला आधी जेवढे किलो लागत होते तेवढेच नंतरही लागतात. कडकपणा तारेची जाडी, वेढ्याची रुंदी आणि वेढ्यांची संख्या यांत असतो. तुकडे काढले, टोपण लावलं, पुन्हा मोजलं: 60. नव्या स्प्रिंगा खोक्यातच राहिल्या.

मागं हुक पान्यानं कॉलर आवळला. 88 चे 70 झाले. पण माणसं उतरवली तर गाडी स्वतःच्या वजनानं जेमतेम 4 मिमी बसत होती. म्हणजे स्प्रिंग मुळातच या भाराला मऊ. आवळत बसण्यात अर्थ नाही, एक नंबर वरची हवी. तारेची जाडी 10 ची 11 मिमी केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर कडकपणा जवळजवळ दीडपट होतो. जाडीचा चौथा घात लागतो तिथं. त्यामुळं "थोडी जाड बघा" असं सांगून स्प्रिंग आणता येत नाही.

11.30

एक्सपल्सवाला पोरगा, 58 किलो. मातीतल्या शर्यतीला जातो. दुसऱ्या एका रायडरनं वापरलेल्या फोर्क स्प्रिंगा स्वस्तात घेतल्यात. "काका, हात भरून येतात बघा. गाडी पुढनं ठोकतीया." फोर्कच्या पाइपाला बांधलेला झिप टाय बघितला. सगळ्यात मोठ्या उडीनंतरही तो खालून 60 मिमी लांब थांबलेला. खेळाचा तिसरा हिस्सा कामालाच येत नाही.

या स्प्रिंगांवर नंबर नव्हता. मग आमची देशी पद्धत: ड्रिल मशीनखाली वजनकाटा, स्प्रिंग वाकू नये म्हणून ती पाइपात उभी, आणि वरून दाबायचं. 20 मिमीला 12 किलो, 70 मिमीला 42. पन्नासात तीस, म्हणजे मिलिमीटरला 0.60. त्याची कंपनीची जुनी स्प्रिंग तशीच लावली: 10 आणि 35, म्हणजे 0.50. जुन्यावर तो टेकायचा, नव्यावर हात भरतात. मधली कुठून आणायची?

एका पायात जुनी घातली, दुसऱ्यात नवी. पोरगं घाबरलं. "गाडी एका बाजूला ओढंल की!" नाही ओढत. दोन्ही पाय खाली एकाच ॲक्सलला आणि वर टी-ला बांधलेले असतात. चाकाला फक्त बेरीज कळते, 1.10.

तेल मात्र दोन्हीकडं सारखंच. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून तेलापर्यंत मोजायचं. वरची कोंडलेली हवा शेवटी शेवटी स्प्रिंगसारखंच काम करते. तेल 10 मिमी वर घेतलं तर शेवटचा दणका मऊ होतो, सुरुवातीला फारसा फरक पडत नाही.

दुपारी 2.00

एकाला स्प्रिंग गॅसनं कापून हवी होती. वेढे कमी झाले की कडक होते, खरंय. पण आचेनं पोलादाचं पाणी उतरतं आणि ती बसते. नाही म्हटलं. तो रागावून गेला.

4.30

हिमालयनला मागची स्प्रिंग चढली. मागं 61, पुढं 62. मग पायदानाजवळून खाली दाबून बघितलं. पुढचं-मागचं एकदम खाली जावं, एकदम वर यावं. मागचं चटकन उसळत होतं. कडक स्प्रिंग जोरात परत फेकते आणि या शॉकअपला परतीची गती बदलायचा स्क्रू नाही. कॉलर एक खाच सैल केल्यावर बरं वाटलं, पण पूर्ण समाधान नाही. तसं त्यांना सांगितलं.

दोघं सामानासकट पन्हाळ्याच्या रस्त्याला गेले. आभाळ भरून आलेलं, वळवाचे चार थेंब पडले.

6.45

परत आले. वहिनी आधी उतरल्या. "आज कुणी लाइट मारला नाही." साहेबांनी बिल नीट वाचलं. "मिस्त्री, पुढं तर तुम्ही काहीच टाकलं नाही. मग पुढची मजुरी कसली?"

पाण्याच्या पाइपाचे ते दोन तुकडे मी बिलावर ठेवले.