स्मृतिभ्रंश, जनुकोपचार आणि माझा एक जुना रुग्ण

बालरोगतज्ज्ञाने स्मृतिभ्रंशावर लेख लिहावा, हे वाचकांना काहीसे चमत्कारिक वाटेल. माझ्याकडे येणारे रुग्ण विसरत नाहीत. उलट घरात जे बोलू नये तेच नेमके लक्षात ठेवून दवाखान्यात सांगतात. तरीही स्मरणिकेच्या संपादकांकडून हा विषय मी मागून घेतला. त्याचे कारण माझा एक रुग्ण आहे. त्याचे वय आज चाळिशीपलीकडे असले तरी त्याच्या लेखी मी अजून ‘डॉक्टरकाका’च आहे.

१९९७ साली, पाणीगेटच्या आत माझा दवाखाना नुकताच सुरू झाला होता, तेव्हा बारा-तेरा वर्षांचा हा मुलगा आईबरोबर प्रथम आला. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. (त्याच्या आईच्या संमतीने, नाव वगळून हे लिहीत आहे.) पुढे तो काकांच्या छापखान्यात पाकिटे चिकटवू लागला आणि रोज मांडवीपर्यंत एकटा जाऊन येऊ लागला. बडोदेकरांना सांगायला नको, की मांडवी ते पाणीगेट हा रस्ता सरळ आहे, त्यात चुकण्यासारखे काही नाही. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो त्या रस्त्यावर चुकला. चांपानेर दरवाजापाशी एका ओळखीच्या दुकानदाराने त्याला थांबवून घेतले. त्यानंतर पाकिटांच्या घड्या उलट्या पडू लागल्या, आणि काही महिन्यांनी मोठ्या बहिणीचे नाव त्याच्या ओठांवर येईनासे झाले.

मागील वर्षी त्याच्या आई माझ्याकडे आल्या. हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते, मथळा ‘जनुकोपचाराने स्मृती परत’ अशा थाटाचा. “डॉक्टर, हे याला चालेल का? एक जण साडेचार लाखांत इंजेक्शन देतो म्हणतो. माझ्या पाटल्या आहेत.” मी म्हणालो, “काकू, आज काही ठरवू नका. मला आठ दिवस द्या.” त्या आठ दिवसांत जे वाचले, ते पुढे देत आहे.

प्रथम, हा आजार याच मुलाला इतक्या लवकर का, ते पाहू. १९५९ साली झेरोम लझन यांनी दाखवले, की डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. १९८४ साली जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतून अमायलॉइड हे प्रथिन वेगळे केले आणि तेच प्रथिन डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूतही आढळल्याचे दाखवले. १९८७ साली त्या प्रथिनाचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच सापडले. तीन प्रती म्हणजे जन्मभर प्रमाणाबाहेर अमायलॉइड. चाळिशीपर्यंत यांपैकी जवळजवळ सर्वांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा उमटलेल्या असतात आणि पन्नाशीच्या आसपास बहुतेकांना लक्षणे दिसू लागतात.

जनुकोपचार या शब्दाचे वजन मला मुलांमुळे ठाऊक आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीचे सोळा कोटींचे इंजेक्शन, त्यासाठी घरोघरी जमलेली लोकवर्गणी, हे गुजरात आणि महाराष्ट्र दोघांनीही पाहिले. तेथे तर्क सरळ आहे. एक जनुक निकामी आहे, त्याची चांगली प्रत विषाणूच्या पाठीवर बसवून पेशींत पोहोचवायची, आणि तीही चेतापेशी मरण्यापूर्वी, तान्हेपणीच. म्हाताऱ्या मेंदूत मात्र बिघाड एकाच जागी नसतो, आणि तो ध्यानात येईपर्यंत बरीच वर्षे निघून गेलेली असतात.

तरी प्रयत्न झाले, आणि त्यांतला पहिला फार बोधक आहे. स्मृतीला लागणारे अ‍ॅसिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशींचा एक पुंजका मेंदूच्या तळाशी असतो. अल्झायमरमध्ये तो लवकर झिजतो. ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ हे प्रथिन त्या पेशींना जगवते. पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, आणि मेंदूच्या पोकळीत थेट सोडून पाहिले तेव्हा रुग्णांना वेदना होऊ लागल्या, वजन घटले. म्हणून सॅन डिएगो येथील मार्क टुझिन्स्की यांनी २००१ साली वेगळी वाट धरली. रुग्णाच्याच त्वचेतील पेशी घेऊन त्यांत या प्रथिनाचे जनुक घातले आणि त्या पेशी मेंदूत नेमक्या जागी रोवल्या. आठ रुग्ण होते. सुरुवातीला पूर्ण भूल न देता शस्त्रक्रिया केल्याने दोघे हलले व मेंदूत रक्तस्राव झाला. त्यांपैकी एक पुढे दगावला. उरलेल्यांत ऱ्हासाचा वेग मंदावल्यासारखा दिसला. २००५ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा आमच्या वैद्यकीय वर्तुळातही बराच आनंद व्यक्त झाला होता.

पुढे पेशींऐवजी विषाणूवाहक वापरून ४९ रुग्णांची रीतसर चाचणी झाली. काहींना उपचार, काहींना केवळ कवटीपुरती दिखाऊ शस्त्रक्रिया. २०१८ साली निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. येथे प्रकरण मिटले असते. परंतु या रुग्णांपैकी काहींचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले आणि २०२० साली उघड झाले, की प्रथिन तयार झाले होते, पण ज्या पेशींसाठी ते होते त्यांच्यापर्यंत ते पसरलेच नव्हते. काही मिलिमीटरांनी नेम चुकला होता. म्हणजे औषध निरुपयोगी की पत्ता चुकीचा, हा प्रश्न इतक्या वर्षांनंतरही अनुत्तरितच राहिला. त्याच गटाने २०२१ मध्ये दुसऱ्या एका वाढघटकाची, बीडीएनएफची, लहानशी चाचणी जाहीर केली. तीत एमआरआयच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनाखाली औषध सोडायचे ठरले. त्या जिवंत रुग्णांइतकेच, मृत्यूनंतर मेंदू देणाऱ्या कुटुंबांचेही ऋण या शास्त्रावर आहे, असे मला वाटते.

इतर वाटाही आहेत. एपीओई-४ या घातक प्रकाराच्या दोन प्रती असलेल्या पंधरा रुग्णांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात संरक्षक एपीओई-२ चे जनुक सोडण्यात आले. २०२४ मधील वृत्तानुसार ते प्रथिन त्या द्रवात तयार होताना दिसले. स्मृतीचे काय, हे त्यावरून कळत नाही. अमायलॉइडच्या जनुकाचा संदेशच दाबून टाकणारी औषधेही तपासली जात आहेत. माझ्या रुग्णाच्या दृष्टीने तीच कल्पना मुळाशी जाणारी वाटते. २०१३ साली जीन लॉरेन्स यांच्या गटाने प्रयोगशाळेतील पेशींत जादा एकविसावे गुणसूत्रच मुके केले. २०२५ साली जपानमधील मिए विद्यापीठाच्या संशोधकांनी ते जनुकीय कात्रीने काढून टाकले. पण हे सारे बशीतल्या पेशींत. आणि खटकणारी गोष्ट अशी, की ज्यांच्या गुणसूत्राने या रोगाचा दुवा दाखवला, त्या डाऊन सिंड्रोमच्या व्यक्तींना अल्झायमरच्या बहुतेक औषध-चाचण्यांतून आजवर वगळण्यात आले.

आपल्या देशाकडे हे येणारच नाही, असे मी म्हणणार नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी रक्ताच्या कर्करोगावर विकसित केलेल्या जनुकबदल पेशींच्या उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली, तीही परदेशी किमतीच्या सुमारे दहाव्या हिश्शात. गरज तर उघड आहे: २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढील भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. मात्र साडेचार लाखांचे ते इंजेक्शन या कोणत्याही वाटेवरचे नव्हते. खऱ्या चाचणीत नीतिमत्ता समितीची संमती असते, नोंदणी क्रमांक असतो आणि प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. ही तीन वाक्ये मी काकूंना कागदावर लिहून दिली. पाटल्या हातातच राहिल्या.

एक गोष्ट मात्र मला त्यांना सांगावी लागली, आणि ती सोपी नव्हती. १९९७ पासून मी या मुलाचे हृदय, थायरॉइड, कान, दात सगळे पाहिले. पण चाळिशीनंतर काय होऊ शकते हे त्याच्या आईवडिलांना कधी सांगितले नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात बालपण अठराव्या वर्षी संपते, आणि मीही ते तेथेच संपवले होते. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तेव्हा सांगितलं असतंत, तर याचे बाबा होते.”

स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्यापूर्वी आम्ही बाकीचे तपासले. थायरॉइड मंद झाले होते, कानात मळ घट्ट बसला होता, झोपेत श्वास अडकत होता. वडील गेल्यानंतरचे नैराश्यही होते. उपचारानंतर त्याचे बोलणे वाढले, बहिणीचे नाव पुन्हा येऊ लागले. रस्ता मात्र आला नाही. मेंदूविकारतज्ज्ञांनी पुढे अल्झायमरचेच निदान केले. आता माझ्याकडील डाऊन सिंड्रोमच्या प्रत्येक मुलाच्या फाइलवर, तिशी गाठताच स्मृतीची पहिली नोंद करावी, असे मी लिहून ठेवतो. नंतरची घसरण मोजायला मुळातली पातळी हाती असावी लागते, आणि याच्या बाबतीत ती आमच्यापाशी नव्हती.

सकाळी त्याची बहीण त्याला छापखान्यात सोडते. काका त्याला आता पाकिटे देत नाहीत, कोरे कागद मोजायला देतात. पन्नासापर्यंत तो अजून बरोबर मोजतो.