अ‍ॅव्हरेजचा हिशेब आणि चालवण्याची मजा

गाडीच्या शोरूममध्ये मराठी कुटुंब शिरलं की पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न ठरलेला असतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ घरातल्या धाकट्याचा प्रश्न वेगळा असतो, पण तो जरा दबक्या आवाजात येतो, ‘पिकअप कसा आहे?’ त्यावर वडीलधाऱ्यांचा निकाल तयारच असतो. पळणारी गाडी पेट्रोल पिणारच, आणि आपल्याला काय शर्यत लावायची आहे? हा निकाल इतका सर्वमान्य झालाय, की त्यामागचा हिशेब कागदावर मांडायच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. मांडला तर काही समज जागीच गळून पडतात आणि काही खरे निघतात, पण भलत्याच कारणांनी.

‘ताकद जास्त, तर अ‍ॅव्हरेज कमी’

२०२४च्या सुरुवातीला आलेली ह्युंदाईची क्रेटा घ्या. एकच गाडी, तीन इंजिनं. साधं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन ११५ अश्वशक्तीचं. त्याचा मॅन्युअल गिअरबॉक्ससह कंपनीने सांगितलेला आकडा लिटरला १७.४ किलोमीटर. तेवढ्याच आकाराचं टर्बो पेट्रोल १६० अश्वशक्तीचं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह आकडा १८.४. डिझेल ११६ अश्वशक्तीचं, मॅन्युअलमध्ये २१.८. म्हणजे तिघांत सर्वांत दांडगं असलेलं इंजिन कागदावर साध्या पेट्रोलपेक्षा एक किलोमीटर जास्तच देतं.

असं कसं? पेट्रोल इंजिनाची ताकद हवेच्या झडपेने आवरलेली असते. शहरात पाय हलका ठेवून गाडी चालवली की ती झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनाला तोंडावर ओला रुमाल बांधल्यासारखा श्वास ओढावा लागतो. त्या ओढाताणीत बरंच इंधन वाया जातं. टर्बो इंजिनाला कमी फेऱ्यांतच भरपूर टॉर्क मिळतो. त्यामुळे तेवढंच काम ते कमी फेऱ्यांत आणि झडप जास्त उघडी ठेवून करतं, आणि ही गळती कमी होते.

मात्र या आकड्याने हुरळून जाऊ नये. टर्बोची खरी ताकद मागायला पाय खाली दाबला, की इंजिनात जास्त हवा कोंबली जाते आणि त्या प्रमाणात पेट्रोलही ओतलं जातं. इंजिन फार तापू नये म्हणून काही वेळा गरजेपेक्षा जास्तच. टर्बो गाडीचं अ‍ॅव्हरेज म्हणून चालकाच्या स्वभावाप्रमाणे बदलतं. शांत माणसाला ती साध्या इंजिनाइतकंच देते, आणि उतावळ्या माणसाचं पंपावर खातं उघडते. ‘टर्बो पिते’ हा समज निम्मा खरा आहे तो इथे.

हायब्रिडमध्ये तर हा समज पार उलटा पडतो. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसचं साधं पेट्रोल मॉडेल १७४ अश्वशक्तीचं, आकडा १६.१३. हायब्रिड मॉडेलची एकत्रित ताकद १८६ आणि आकडा २३.२४. ब्रेक लावताना जी ऊर्जा एरवी उष्णता होऊन उडून जाते, ती बॅटरीत साठवायची आणि गाडी उचलताना इलेक्ट्रिक मोटरला द्यायची, ही त्यामागची युक्ती. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले तर कागदोपत्री सव्वादोनशे लिटर पेट्रोल वाचतं. पण हायब्रिडसाठी मोजावे लागणारे जास्तीचे पैसे लाखांत असतात, हे विसरून चालणार नाही.

‘पुस्तकात लिहिलंय म्हणजे मिळायलाच हवं’

कंपनीचा आकडा ही थाप नसते. तो मोजलेला असतो, फक्त रस्त्यावर नव्हे. पुण्याच्या वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेत, किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत, गाडीची चाकं रोलरवर ठेवतात आणि ठरवून दिलेल्या वेळापत्रकानुसार ती जागच्या जागी पळवतात. हा सगळा खेळ सुमारे वीस मिनिटांचा. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास, कमाल वेग ९०. एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, मागच्या सीटवर सासू-सासरे नाहीत आणि डिकीत गावाकडून आणलेलं तांदळाचं पोतं नाही.

आता हीच गाडी समृद्धी महामार्गावर आणा. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे चाचणीतल्या कमाल ९०च्या तुलनेत १२० वर तो पावणेदोनपट होतो. नागपूरला जाताना मोकळ्या रस्त्यावर अ‍ॅव्हरेज शहरापेक्षा खूप वाढेल असं वाटणाऱ्याला पंपावर धक्का बसतो तो यामुळे. तोच प्रवास ९० ते १००च्या दरम्यान केला तर फरक लगेच दिसतो. रोलरवरची चाचणी दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला उपयोगी आहे, महिन्याचं पेट्रोलचं बजेट ठरवायला नाही.

डॅशबोर्डवरच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नये, तो अनेकदा थोडा उदार असतो. जुनी रीत अजून खरी आहे: टाकी फुल करायची, नोझल आपोआप पहिल्यांदा बंद पडेल तिथे थांबायचं, किलोमीटर टिपून ठेवायचे. पुढच्या वेळी त्याच पंपावर, तसंच. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, तीन-चार टाक्यांची सरासरी घ्यावी.

अलीकडे तक्रारीत आणखी एक नाव आलंय, ई२०. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाने अ‍ॅव्हरेज घटतं हे खरं आहे. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट, तर ई२० साठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के घट असा अंदाज दिला होता. लिटरला १५ देणारी जुनी गाडी १४ वर येणं यात बसतं. ती ११ वर आली असेल तर इथेनॉलला शिव्या देण्याआधी टायरमधली हवा आणि एअर फिल्टर तपासलेला बरा.

आणि महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल? ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोलने वेळेआधी, आपोआप पेट घेऊ नये, त्या गुणाचं ते माप आहे. ज्या इंजिनाची रचनाच त्यासाठी आहे त्याला ते हवं, बाकीच्यांना फक्त बिल मोठं येतं.

‘पाच किलोमीटरचा फरक म्हणजे मोठा फरक’

गाडी घेताना सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच असावा, कारण तो गणितात दडलेला आहे. ‘लिटरला किती किलोमीटर’ हे माप फसवं आहे. खिशातून जातात लिटर, किलोमीटर नव्हे. वर्षाला १२,००० किलोमीटर धरू. १० देणारी जुनी मोठी गाडी बदलून १२ देणारी घेतली, तर १,२०० लिटरचे १,००० होतात, म्हणजे २०० लिटर वाचले. आता २० देणारी बदलून ३० देणारी घेतली तर? ६०० चे ४००. पुन्हा २०० लिटरच! दोन किलोमीटरची सुधारणा आणि दहा किलोमीटरची सुधारणा, बचत अगदी सारखी. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच भ्रम दाखवून दिला होता. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर लागतात असं मोजतात, तिथे ही फसगत होत नाही.

आता मजेची किंमत काढू. समजा एक गाडी प्रत्यक्षात २० देते आणि दुसरी, चालवायला रंगतदार, १५. लिटरला १०५ रुपये धरले, तर १२,००० किलोमीटरला वर्षाचा फरक २१,००० रुपये, महिन्याला १,७५०. ज्यांची गाडी शनिवार-रविवारी आणि गणपतीला गावी जाण्यापुरतीच निघते, वर्षाला फार तर ६,००० किलोमीटर, त्यांना हा फरक महिन्याला ९००च्या आत पडतो. कुटुंबाच्या एका रात्रीच्या हॉटेलच्या बिलापेक्षा कमी. याउलट पुणे-नाशिक-छत्रपती संभाजीनगर पट्ट्यात माल घेऊन फिरणारा विक्री प्रतिनिधी वर्षाला २५,००० करत असेल, तर त्याचा वर्षाचा फरक ४३,०००च्या वर जातो. त्याने अ‍ॅव्हरेजच पाहावं, त्याला कोणी नावं ठेवू नयेत. गंमत अशी, की वर्षाला जेमतेम सहा हजार किलोमीटर फिरणारा माणूसही अ‍ॅव्हरेजसाठी तितकाच हट्ट धरतो, आणि मग बॉडीवरच्या पहिल्या चरोट्यासाठी तीन हजार आनंदाने मोजतो.

स्विफ्टचं उदाहरण इथे नेमकं बसतं. मे २०२४ मध्ये चौथ्या पिढीची स्विफ्ट आली तेव्हा मारुतीने चार सिलिंडरचं ९० अश्वशक्तीचं इंजिन काढून तीन सिलिंडरचं ८२ अश्वशक्तीचं बसवलं. मॅन्युअलचा आकडा २२.३८ वरून २४.८० झाला. जाहिरातीत उठून दिसणारी वाढ. १२,००० किलोमीटरला ती भरते वर्षाला साधारण ५२ लिटर, म्हणजे महिन्याला साडेचारशे रुपये. जुन्या इंजिनाचा गुळगुळीतपणा आणि वरच्या फेऱ्यांतला जोश ज्यांना प्रिय होता, त्यांना हा सौदा पटला नाही. रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये घालवणाऱ्याला कदाचित पटेल. दोघेही आपापल्या जागी बरोबर, फक्त सौदा साडेचारशेचा आहे हे दोघांनाही माहीत हवं.

‘मजा म्हणजे वेग’

फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावात बनायचं आणि मारुतीने ते परवाना घेऊन स्वतःकडेही बनवलं. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो, किती गाड्यांत ते बसलं! बहुतेकांत ताकद तीच, ७५ अश्वशक्ती. तरी व्हिस्टा ही प्रशस्त घरगुती गाडी, स्विफ्ट चपळ, आणि पुंटो वळणावर अशी ठाम बसायची की तिचे मालक आजही तिचं स्टिअरिंग आठवून उसासे टाकतात. एकच इंजिन असून तीन स्वभाव. याचा अर्थ मजा बरीचशी बॉनेटखाली नसते. ती स्टिअरिंगच्या वजनात, क्लचच्या पल्ल्यात, गिअर खट्कन पडण्यात, सस्पेन्शनच्या कसात आणि गाडीच्या एकूण भारात असते. यातल्या बहुतेक गोष्टींना पेट्रोलचा एक थेंबही जास्त लागत नाही.

ताम्हिणीत किंवा आंबोलीत ताशी चाळीसने वळणं घेताना जी गाडी हाताशी बोलते, ती एक्स्प्रेसवेवर १०० ला कंटाळवाणी वाटू शकते, आणि उलटही होतं. २०१५ ची फोर्ड फिगो डिझेल १०० अश्वशक्तीची, २१५ न्यूटन मीटर टॉर्कची होती आणि आकडा होता २५.८३. मजा आणि अ‍ॅव्हरेज एकाच गाडीत, तेही छोट्या हॅचबॅकच्या किमतीत. २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवलं आणि तो पर्याय संपला.

ऑटोमॅटिक पेट्रोल पिते हाही जुना समज. नव्या स्विफ्टमध्ये मॅन्युअलचा आकडा २४.८०, तर एएमटी या ऑटोमॅटिक प्रकाराचा २५.७५. मात्र बहुतेक एएमटी गिअर बदलताना क्षणभर दम घेतात, आणि ओव्हरटेक करताना तो क्षण फार लांब वाटतो. इथे मात्र अ‍ॅव्हरेज आणि मजा खरोखरच समोरासमोर उभी आहेत.

घाटातला एक समज केवळ चुकीचा नाही, घातक आहे: उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचतं. कार्बुरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य असेल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाला जाणारं इंधन पूर्ण बंद होतं. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलला टाकलं तर उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, इंजिनाचा ब्रेक जातो आणि कसाऱ्याच्या उतारावर सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. तापलेले ब्रेक हळूहळू पकड सोडतात.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह. विक्रेता शक्यतो मोकळ्या, सपाट रस्त्यावर दोन किलोमीटरची फेरी मारून आणतो, गाडीत दोनच माणसं आणि बोलणं अखंड. त्याऐवजी घरचे चौघं बसवावेत, एसी चालू ठेवावा आणि जवळचा एखादा चढ मागून घ्यावा. पुण्यात कात्रज, नाशिकला पांडवलेण्याकडचा रस्ता, मुंबईत निदान एखादा उड्डाणपूल. चढावर गाडी अर्ध्यात थांबवून पुन्हा उचलून बघावी. वळणावर मागच्या सीटवरच्या आईला विचारावं, पोटात ढवळतंय का. आणि गाडी परत शोरूमच्या दारात लावण्याआधी विक्रेत्याला दोन मिनिटं गप्प बसायची विनंती करावी, म्हणजे इंजिनाचा आवाज ऐकू येईल.