जिथे कॅमेरा नव्हता

६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा योशितो मात्सुशिगे हा वृत्तपत्र छायाचित्रकार शहरातच होता. कॅमेरा हाताशी होता, फिल्म भरलेली होती. मियुकी पुलापाशी पोहोचल्यावर त्याला भाजलेली शाळकरी मुलं दिसली. कातडी सोललेली, अंगावरचे कपडे जळालेले. कळ दाबायला त्याचा हात बराच वेळ धजला नाही. दिवसभरात त्याने सातदा कळ दाबली, त्यातले पाच फोटो उमटले. त्या दिवशी शहरातल्या माणसांचं काय झालं हे दाखवणारी जी छायाचित्रं जगाकडे आहेत, ती जवळजवळ एवढीच.

त्याच सकाळी स्फोटाच्या केंद्रापासून सव्वाएक किलोमीटरवर केइजी नाकाझावा नावाचा सहा वर्षांचा मुलगा शाळेच्या दारात उभा होता. आड काँक्रीटची भिंत आली म्हणून तो वाचला. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली अडकून जळाले. आईने त्याच दिवशी रस्त्यावर एका मुलीला जन्म दिला. ती काही महिन्यांतच गेली. पुढे नाकाझावा टोकियोत कॉमिक्स काढू लागला, पण बाँबबद्दल चकार शब्द काढत नव्हता. १९६६ मध्ये आई वारली. दहनानंतर तो अस्थी गोळा करायला गेला, तर हाडं उरलीच नव्हती, नुसती राख होती. किरणोत्साराने आईची हाडंसुद्धा नेली, या संतापातून तो लिहिता झाला. १९७३ पासून मुलांच्या एका साप्ताहिकात ‘बेअरफुट गेन’ क्रमशः येऊ लागलं आणि पुढे त्याचे दहा खंड झाले.

वाचायलाच हवीत अशी कॉमिक्स आणि ग्राफिक नॉव्हेल्स कोणती, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ‘गेन’पासून सुरू होतं. गेल्या पन्नासेक वर्षांत या प्रकारात जे सर्वोत्तम काम झालं, त्यातलं बरंचसं जिथे कॅमेरा पोहोचला नाही, किंवा पोहोचूनही थिजला, त्या जागांबद्दलचं आहे. आठवणीतून, ऐकीव साक्षींतून, हाताने काढलेलं. फोटो म्हणतो, हे असं घडलं. चित्र म्हणतं, हे मला असं आठवतं. या दुसऱ्या वाक्याची जबाबदारी घेणारी पुस्तकं मी इथे निवडली आहेत. त्यामुळे सुपरहिरोंची मोठी दुनिया जवळजवळ बाहेरच राहील, याची मला कल्पना आहे.

‘गेन’ची चित्रं पहिल्यांदा पाहताना धक्का बसतो तो त्यांच्या गोंडसपणाचा. गोल डोळ्यांची, उड्या मारणारी, एकमेकांना टपल्या देणारी पोरं. आणि त्याच रेषेत पुढच्या पानांवर कातडी लोंबकळणारी माणसं चालत येतात. नाकाझावाने भीषण प्रसंगासाठी वेगळी, गंभीर शैली आणली नाही, कारण त्या सकाळपर्यंत ते खरोखरच खोडकर मुलाचं जग होतं. पुस्तक अमेरिकेला माफ करत नाही. त्याहून अधिक राग आहे तो सम्राटावर, लष्करावर आणि युद्धाला विरोध करणाऱ्या वडिलांना देशद्रोही ठरवणाऱ्या शेजाऱ्यांवर. २०१२ च्या अखेरीस मात्सुए शहरातल्या शाळांच्या वाचनालयांत मुलांना ते सहज हाती लागू नये अशी व्यवस्था झाली होती. २०१३ मध्ये ओरड झाल्यावर ती मागे घ्यावी लागली. २०२३ मध्ये तर खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळाने शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून ‘गेन’ काढलं. ज्या शहराची ती साक्ष आहे त्या शहराने असं करावं, याचं मला मनापासून दुःख होतं.

आर्ट स्पीगलमनच्या ‘माउस’बद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरं, पोलिश म्हणजे डुकरं, एवढं न वाचताही सर्वांना ठाऊक असतं. पहिला भाग १९८६ मध्ये आला, दुसरा १९९१ मध्ये, आणि १९९२ मध्ये त्याला विशेष पुलित्झर मिळालं. पण पुस्तकाचं खरं बळ प्राण्यांच्या रूपकात नाही. ते आहे न्यूयॉर्कमधल्या एका घरातल्या दोन माणसांत. व्लादेक हा ऑश्वित्झमधून वाचलेला म्हातारा बाप, आणि टेपरेकॉर्डर घेऊन त्याला बोलतं करणारा मुलगा. बाप कमालीचा चिक्कू आहे, दुसऱ्या बायकोला छळतो, रस्त्यात गाडीत घेतलेल्या काळ्या माणसाबद्दल वाईटसाईट बोलतो. छळ सोसला म्हणून माणूस चांगला होतो, असं स्पीगलमन कुठेही मानत नाही. बापाला थोर करण्याचा मोह त्याने टाळला, आणि म्हणूनच छावणीबद्दल बाप जे सांगतो त्यावर आपला विश्वास बसतो.

एका प्रसंगात मुलगा विचारतो, फाटकाशी कैद्यांचा वाद्यवृंद वाजत असे ना? कागदोपत्री तशा नोंदी आहेत. बाप म्हणतो, मला फक्त कूच करणं आठवतं, वाद्यवृंद नव्हता. स्पीगलमन वाद्यवृंद काढतो आणि त्याच्यापुढून चालणाऱ्या कैद्यांच्या रांगेने तो झाकून टाकतो. इतिहास आणि आठवण यांचं भांडण त्याने एका पानावर, एकही शेरा न मारता, जसंच्या तसं ठेवलं आहे.

शेवटाकडे बापाचा एक खराखुरा फोटो येतो. कैद्याच्या पट्टेरी गणवेशात व्लादेक उभा आहे, तरुण, रुबाबदार. तो छावणीतला नाही. युद्ध संपल्यावर एका स्टुडिओत आठवण म्हणून फोटो काढण्यासाठी नवा, स्वच्छ गणवेश ठेवलेला होता. तो घालून काढलेला आहे. अख्ख्या पुस्तकात उंदरांचे चेहरे आपल्याला खरे वाटत आले, आणि नेमका फोटो तेवढा सजवलेला निघतो. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका शाळा मंडळाने आठवीच्या अभ्यासक्रमातून ‘माउस’ काढलं. काही शिव्या आणि एक नग्न चित्र ही कारणं दिली गेली. ते नग्न चित्र स्पीगलमनच्या आईच्या आत्महत्येचं आहे.

मार्जान सत्रापीचं ‘पर्सेपोलिस’ फ्रेंचमध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत आलं. इराणमधली क्रांती, बुरख्याची सक्ती, इराकबरोबरचं युद्ध, हे सगळं दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या नजरेतून आहे. नुसता काळा आणि पांढरा रंग, मधल्या छटाच नाहीत. एका पानावर गरीब घरांतली पोरं गळ्यात स्वर्गाची म्हणून दिलेली प्लॅस्टिकची किल्ली अडकवून सुरुंगांवर उडताना दिसतात, सावल्यांसारखी. लगेच खाली मार्जानची पहिली पार्टी आहे, मुलं नाचताहेत, स्वेटरला फॅशन म्हणून पाडलेली भोकं. दोन्ही चौकटींतले देह सारख्याच हातवाऱ्यांत हवेत आहेत. सिनेमात एकामागून एक दिसलं असतं ते पानावर एकाच वेळी दिसतं, आणि डोळा दोन्हींमध्ये हेलपाटे घालत राहतो. क्षेपणास्त्राने शेजारचं घर पडतं, ढिगाऱ्यात मैत्रिणीचं ब्रेसलेट दिसतं, आणि त्यानंतरची चौकट सबंध काळी आहे. व्हिएन्नापासूनचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतका घट्ट वाटत नाही. तिथे प्रसंग विखुरतात. तरीही कॉमिक्स म्हणजे पोरखेळ असं मानणाऱ्या वाचकाच्या हाती पहिल्यांदा द्यायचं ते हेच.

जो सॅकोची वाट वेगळी. तो पत्रकार आहे आणि स्वतःच्या नव्हे, इतरांच्या आठवणी काढतो. ‘पॅलेस्टाइन’मध्ये १९९१-९२ च्या हिवाळ्यातली वेस्ट बँक आणि गाझा आहेत: चिखल, चहा, तंबू, तुरुंगाच्या कहाण्या. त्याचं सर्वांत मोठं काम मात्र २००९ चं ‘फूटनोट्स इन गाझा’. नोव्हेंबर १९५६ मध्ये सुएझच्या युद्धात खान युनिस आणि रफा इथे इस्रायली सैनिकांच्या गोळ्यांनी शेकडो पॅलेस्टिनी मारले गेले; संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात २७५ आणि १११ असे आकडे आहेत. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना तळटिपेपुरती जागा मिळाली. सॅको सुमारे पन्नास वर्षांनी तिथे गेला, जिवंत साक्षीदार शोधले आणि त्यांना चित्रकाराचे प्रश्न विचारले. भिंत केवढी उंच होती? रांगेत हात वर होते की डोक्यामागे? दोघांच्या आठवणी जुळत नाहीत तिथे तो दोन्ही काढतो आणि तसं सांगतो. त्याच्यासमोरचं २००२-०३ चं रफाही, बुलडोझरने पाडलेल्या घरांसह, पुस्तकात आहे. २०२३ पासूनच्या युद्धात ही दोन्ही शहरं उद्ध्वस्त झाल्यामुळे हे पुस्तक आता दुहेरी दस्तऐवज झालं आहे. उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरच्या मुसहर वस्त्यांवरही त्याने याच पद्धतीने लिहिलं-काढलं आहे; २०१२ च्या ‘जर्नलिझम’ या संग्रहात ते सापडेल.

काही पुस्तकं थोडक्यात सांगून पुढे जातो. विल आइस्नरचं ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ (१९७८) हे ब्राँक्समधल्या चाळवजा इमारतीतल्या माणसांचं. ते आपल्याला परकं वाटतच नाही. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं ‘वॉचमेन’ (१९८६-८७) हा वरच्या यादीला अपवाद. पोशाखी नायकांच्या हाती सत्ता आली तर काय होईल, हा त्याचा विषय. पण नऊ चौकटींच्या पानाची शिस्त शिकायची तर त्याला पर्याय नाही. ॲलिसन बेख्डेलचं ‘फन होम’ (२००६) बापाच्या लपवलेल्या आयुष्याचा शोध घेतं, संथ वाचावं. ओसामू तेझुकाचं ‘बुद्ध’ आपल्या भूमीची कथा जपानी नजरेने सांगतं. त्यात गुलाम आणि अस्पृश्य मुलांना तेझुकाने जी मध्यवर्ती जागा दिली, ती आपल्याकडच्या बुद्धचरित्राच्या चित्रकथांत मला दिसली नाही.

यातली बहुतेक पुस्तकं आपल्याकडच्या दुकानांत इंग्रजीतच दिसतात, आणि ती अडचण खरी आहे. इंग्रजीची धास्ती असणाऱ्या वाचकाला मी शॉन टॅनचं ‘द अरायव्हल’ (२००६) देतो. त्यात एकही वाचण्याजोगा शब्द नाही. पोटासाठी घर सोडून अनोळखी शहरात उतरलेल्या माणसाची ही गोष्ट. त्या शहरातल्या पाट्यांची लिपी टॅनने स्वतः रचलेली, म्हणजे नायकाला जे वाचता येत नाही ते आपल्यालाही येत नाही. पेन्सिलने काढलेली पानं जुन्या, सुरकुतलेल्या अल्बमसारखी दिसतात. शब्दांवाचून चित्र वाचणं मराठी माणसाला नवं नाही. शि. द. फडणीसांच्या ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर दिवाळीत अख्खं घर डोकं घालून बसायचं, आणि तिथे खाली ओळ नसायची.

आपल्या भाषेतल्या चित्रकथेची पाळंमुळं इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळात आणि १९६७ पासूनच्या अमर चित्र कथेत आहेत. अनंत पैंच्या त्या मालिकेला राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांचे हात लाभले. वाईरकरांच्या रेषेचा तोल आजही पाहत राहावा असा आहे. मात्र देव गोरे आणि असुर काळे, हा रंगांचा हिशेब त्या पुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनात पेरला, आणि तो पुसायला पुढच्यांना कष्ट पडले.

ओरिजित सेनचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ मध्ये निघालं. भारतीय ग्राफिक नॉव्हेलची सुरुवात बहुधा तिथूनच मोजतात. विषय नर्मदेवरचं धरण आणि विस्थापन. एकीकडे दिल्लीहून आलेला पत्रकार विष्णू, दुसरीकडे सृष्टीची कथा गाणारा मलगू गायन. अक्कलकुवा आणि धडगावच्या खोऱ्यांतली गावं ज्या पाण्यात गेली, त्याच पाण्याची ही कथा. कित्येक वर्षं ते मिळतच नव्हतं. २०२२ मध्ये पुन्हा छापलं गेलं. मलिक सजादच्या ‘मुन्नू’त (२०१५) काश्मिरी माणसं हंगुल हरणांच्या रूपात येतात. ‘माउस’चं ऋण उघड आहे, पण शाळेच्या वाटेवरची झडती आणि ओळख परेड त्याची स्वतःची आहे.

‘भीमायन’जवळ मला थांबायचं आहे. २०११ चं हे पुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याने काढलं. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेले प्रसंग त्याच्या गाभ्याशी आहेत: साताऱ्याच्या शाळेत पाण्यासाठी शिपायाची वाट पाहणं, १९०१ मध्ये भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला निघालेला मुलगा आणि त्यांना न्यायला नकार देणारे गाडीवान, बडोद्यातली पारशी धर्मशाळा, दौलताबादच्या किल्ल्यातला हौद. तहानलेल्या त्या मुलाचा फोटो असणं शक्यच नव्हतं. व्याम दांपत्याने चौकटी नाकारल्या. माणसांना डब्यांत कोंडणं त्यांना मान्य नव्हतं, म्हणून पानं घराच्या भिंतींवर काढतात त्या डिग्ण्याच्या नक्षीने वळणावळणांनी विभागली जातात. मायेने बोलणाऱ्यांचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे, विखारी बोलणाऱ्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी. आगगाडी साप होते, तहानेच्या पानांवर मासे आणि पाणी येतं. शैलीची ही उत्तरं त्यांच्या भिंतींवरून आली आहेत, न्यूयॉर्क-टोकियोहून नाहीत. आरक्षणावर वाद घालणाऱ्या आजच्या माणसांचा जो धागा बाहेरून जोडला आहे तो मात्र मला सपाट वाटतो. तिथे चित्रं मागे पडतात आणि व्याख्यान पुढे येतं. याच सुमारास जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेलं, अपराजिता निनान यांनी चितारलेलं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ही आलं. जोतीरावांचा धारदार सूर त्यात चांगला उतरला आहे.

म्हणजे आंबेडकर आणि फुले यांच्यावरची ही दोन्ही महत्त्वाची पुस्तकं दिल्लीच्या प्रकाशनाने इंग्रजीत काढली. महाराष्ट्रात विषयांचा तोटा नाही. जानेवारी १९८२ चा गिरणी संप पाहिलेली माणसं अजून लालबाग-परळमध्ये आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं आज सत्तरी ओलांडून बसली आहेत. त्या दुष्काळाचे फोटो आहेत, पण ते बाहेरून आलेल्यांनी काढलेले. कामावरच्या बाईच्या नजरेतून काहीच नाही. एखाद्या तरुण चित्रकाराने वही घेऊन तिच्याशेजारी बसावं आणि सॅकोसारखे प्रश्न विचारावेत: हातोडी केवढी होती, खडीचं माप कशाने घेत, मिलोची भाकरी कोणत्या रंगाची होई, सुकडी घ्यायला पोरं कशात येत, तान्हं बाळ कुठे निजवत, आणि मुकादम पैसे वाटायला बसे तेव्हा रांगेत कोण पुढे असे.