साबणाचा खार आणि अळवावरचं पाणी

अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारच्या सरोवराची नोंद केली आहे, ती काच आणि साबण करायला लागणारा माल तिथे मिळतो म्हणून. सरोवराचं ते विवर अशनिपाताने पडलंय, हे कळायला विसावं शतक उजाडलं. पण सरोवराच्या खाराची कीर्ती चारशे वर्षांपूर्वीच मोगल दरबारात पोचली होती.

तेलाला खार भेटला की साबण होतो. लोणारचं हे वैभव बायोडिझेल करणाऱ्याच्या मात्र मुळावर येतं. ताज्या तेलात मेथनॉल आणि उत्प्रेरक म्हणून चिमूटभर कॉस्टिक सोडा घातला की एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, सहज तयार होतं. पण ताजं तेल जाळायचं कुणी? हाताशी असतं ते भज्यांच्या कढईत पुन्हा पुन्हा तापलेलं, नाहीतर करंजाचं. त्यात मेदाम्लं सुटी झालेली असतात. ती एका टक्क्याच्या फार पुढे गेली, की कॉस्टिक त्यांचा साबण करण्यातच संपतो, आणि एस्टर व ग्लिसरीन वेगळं करता करता नाकी नऊ येतात. सल्फ्युरिक आम्ल वापरलं तर मेदाम्लांचं एस्टर होतं खरं. पण नंतर ते आम्ल धुऊन काढायचं आणि त्या धुवणाची विल्हेवाटही लावायची.

म्हणून हवा स्थायू उत्प्रेरक. एक घाणा झाला की गाळून घ्यायचा आणि पुढच्या घाण्याला वापरायचा. इथे आडवं येतं पाणी. मेदाम्लाच्या प्रत्येक रेणूचं एस्टर होताना पाण्याचा एक रेणू सुटतो. तो उत्प्रेरकाच्या आम्लधर्मी जागा अडवून बसतो आणि अभिक्रियेलाही मागे रेटतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या दर्भा श्रीनिवास, पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये यावर एक देखणं उत्तर मांडलं: लोह आणि जस्ताचं दुहेरी सायनाइड. चित्रकारांच्या प्रशियन निळ्याचा हा चुलतभाऊ. सायनाइड म्हणून दचकू नका. धातूंनी ते जाळीत घट्ट बांधलेलं असतं. या भुकटीचा पृष्ठभाग अळूच्या पानासारखा आहे. पाणी त्यावर ठरत नाही, तेल मात्र बिलगतं. जस्ताच्या मोकळ्या जागांवर सुट्या मेदाम्लांचं आणि अखंड तेलाचं, दोन्हींचं एस्टर एकाच भांड्यात होतं. ‘अळवावरचं पाणी’ आपण क्षणभंगुरतेसाठी म्हणतो. इथे तेच पाणी ठरत नाही म्हणून उत्प्रेरक टिकतो!

तळणीचं उरलेलं तेल इंधनाकडे वळवण्याची मोहीम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सुरू केली. तेव्हापासून ‘कढईतून थेट टाकीत’ अशा घोषणा कानावर येतात. त्यांत प्रकल्पाचा खर्च असतो, उद्घाटनाचा फोटो असतो. ज्या भुकटीवर सगळं तोललेलं असतं, तिचं नाव नसतं. पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा दोनच प्रश्न विचारा: उत्प्रेरक कोणता, आणि एकच भुकटी किती घाण्यांना पुरते?